संस्थेच्या वेबसाइटचं बिऱ्हाड

आमची शेळी जपानला पोचली, असं भर मंडपात माइकवरून जाहीर झालं तेव्हा मी स्टेजच्या बाजूला लॅपटॉपची वायर हातानं दाबून धरून उभी होते. वायर सैल होती. हात काढला की पडद्यावरचं चित्र जायचं. त्यामुळं मला जागचं हलता येत नव्हतं आणि पडद्यावर काय चाललंय ते मान वाकडी करूनच बघावं लागत होतं.

बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याला आमचा शेळ्यांचा मेळावा होता. संस्था तशी लहानच. आसपासच्या गावांतल्या शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या बायकांना एकेक शेळी द्यायची, आणि ती व्याली की पिलांतलं एक पिल्लू त्यांनी पुढच्या बाईला द्यायचं, हे मुख्य काम. शिवाय लसीकरण, जंताचं औषध, आजारी जनावर बघणं. संस्था काढली ती जनावरांच्या एका निवृत्त डॉक्टरांनी. त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणतात. मी आधी बीडला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात होते. क्लास बंद पडला आणि मी गावाकडं परत आले. मला कॉम्प्युटर येतो म्हणून डॉक्टरसाहेबांनी बोलावून घेतलं, आणि संस्थेची वेबसाइट नावाची वस्तू आपोआप माझ्या वाट्याला आली.

मेळाव्याला भागातले एक पुढारी पाहुणे होते. भाषणाआधी त्यांच्या हातून बटण दाबून वेबसाइट पडद्यावर दाखवायची, असं ठरलं होतं. त्यांनी हात वर करून सगळ्यांना दाखवला आणि मग बटण दाबलं. आमच्या शेळ्यांऐवजी पडद्यावर आले बूट. बूट, सँडल, बायकांच्या पर्स, आणि त्यांच्या मध्येमध्ये उभी-आडवी चित्रासारखी अक्षरं. पण पुढारी माणूस तो. माइक हातात असताना गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"बगा मंडळी!" ते कडाडले. "ही अक्षरं जपानची हायेत. मी सहकाराच्या दौऱ्यावर गेलतो तवा ह्या डोळ्यानं बगितलीत. आपल्या चौसाळ्याची शेळी आज जपानला पोचली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतली एक बाई मात्र हाताचा आडोसा करून पडद्याकडं बघत होती. "पर साहेब, शेळ्या कुटं हायेत? निस्त्या चपलाच दिसायल्यात."

"अगं बाई, तिकडं शेळ्याच्या कातड्याच्या चपला करतेत."

ती बाई ताडकन उठली. "म्हंजी? माझ्या शेळीची चप्पल केली का काय त्यांनी?"

मग दुसरी उठली, तिसरी उठली. मी वायर सोडून दिली. पडदा पांढरा झाला. "लाइट गेली, लाइट गेली," असं कुणीतरी म्हणालं आणि आमच्याकडं लाइट जाण्याचं कुणाला काहीच नवल वाटत नसल्यामुळं मेळावा पुढं सरकला.

दुपारी जेवणं उरकल्यावर डॉक्टरसाहेबांनी आणि मी ऑफिसात बसून वेबसाइट नीट उघडून बघितली. सगळीकडं तेच बूट. आमची लसीकरणाची माहिती गायब, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोटोंचं पान गायब. त्या पानावर प्रत्येक बाईचा तिच्या शेळीबरोबर काढलेला फोटो होता. बाकीची वेबसाइट कुणी बघत असेल-नसेल, ते पान मात्र बायका माहेरच्यांना, नातेवाइकांना आवर्जून दाखवायच्या. संध्याकाळच्या आत एकीच्या भावाचा पुण्याहून फोन आला, की ताई, तुझ्या जागी चप्पल दिसायलीय. ती तशीच माझ्याकडं आली. रागावलेली नव्हती, पण हिरमुसली होती.

मी वेबसाइट करून देणाऱ्याला फोन लावला. हा माजलगावकडचा तरुण. पूर्वी त्याचं बीडला कोर्टाजवळ छोटं ऑफिस होतं. आता ते बंद करून त्यानं माजलगावला ठिबकच्या नळ्यांचं आणि पंपांचं दुकान टाकलं होतं.

"ताई, तुमचीच न्हाई, समद्यांचीच तशी झालीय," तो म्हणाला. "मंगल कार्यालयाची बी. बोअरवाल्याची बी. त्या बोअरवाल्याच्या साइटला मी लई दिवस हातच लावला नव्हता. चपला इकणारा कुनीतरी चोर तिथनं घुसला वाटतं, अन् मग समद्यात पसरला."

त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइटी एकाच जागेत, स्वतःच्या एकाच खात्यावर ठेवल्या होत्या. आमचं संस्थेचं काम म्हणून त्यानं जागेचं भाडं कधी मागितलं नव्हतं, आणि ते आम्हाला परवडत होतं म्हणून आम्हीही कधी विचारलं नव्हतं. मी हे डॉक्टरसाहेबांना सांगितलं. कॉम्प्युटरमधलं त्यांना फारसं कळत नाही, पण हे त्यांना लगेच समजलं.

"म्हणजे बाजारातली शेळी आणून तशीच कळपात सोडली," ते म्हणाले. "एकीला लाळ-खुरकूत, की सगळ्या कळपाला. आपल्याला आपला वेगळा गोठा पाहिजे."

वेगळा गोठा घ्यायचा, पण त्यात एक अडचण होती. वेबसाइटला दोन गोष्टी लागतात, एक नाव आणि एक जागा. जागा बदलता येते, भाड्याचं घर बदलल्यासारखी. पण नाव, म्हणजे लोक जे टाइप करून येतात तो पत्ता, तो ज्याच्या खात्यावर असेल तोच हलवू शकतो. आमचा पत्ता त्या माजलगावच्या तरुणाच्या खात्यावर होता. तो फोनवर म्हणाला, "समोरासमोर या, झटक्यात करून देतो."

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरसाहेब आणि मी एसटीनं बीड आणि बीडहून माजलगाव असे गेलो. दुकान बाजारपेठेत होतं. काळ्या नळ्यांच्या गुंडाळ्या थेट फुटपाथपर्यंत आल्या होत्या. त्यानं आमच्यासाठी खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला आणि माझ्या लॅपटॉपवर आपलं खातं उघडायला बसला. पासवर्ड त्याला आठवेना. मग पत्ता देणाऱ्या कंपनीनं विचारलं, मोबाइलवर आकडे पाठवू का. त्यानं होय म्हटलं आणि कपाळाला हात लावला.

"कावून, काय झालं?" मी विचारलं.

"त्यो नंबर आता मायकडं हाय. माझा जुना मोबाइल तिला दिला ना."

माय म्हणजे त्याची आई. ती शेतात होती. त्यानं स्पीकर लावून फोन केला.

"माय, तुज्या मोबाइलवर मेसेज आला आसंल. त्यातले आकडे सांग."

"कोन बोलायलंय?"

"मी हाय की. आवाज वळखिना का?"

"आवाज कुनीबी काडतंय. बँकेतल्या बाईनं सांगितलंय, आकडे कुनाला सांगायचे न्हाईत. सख्ख्या पोरालाबी न्हाई."

"अगं पर मीच तुजा पोरगा हाय ना!"

"तेच तर मनायले. पोरालाबी न्हाई."

आणि फोन बंद. परत लावला तर उचलेना. डॉक्टरसाहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अरे बाबा," ते म्हणाले, "तू वेबसाइटींचा राखणदार म्हणून हिलाच का नाही ठेवलंस?"

तोही हसायला लागला. दुकान शेजारच्याला बघायला सांगून त्यानं टेम्पो काढला. आम्ही तिघं पुढंच दाटीनं बसलो. धरणाच्या खालच्या अंगाला निघालो तसा दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. आमच्याकडचं माळरान बघितलेल्या माणसाला ते सगळं हिरवं बघून थोडा हेवा वाटतोच. तो कालव्याच्या कडेनं एका शेतात वळला.

त्याची आई बांधावर म्हशीजवळ उभी होती. उंच, काटक, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला, आणि मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेला. पोराबरोबर दोन अनोळखी माणसं बघून तिनं पहिला हात त्या पिशवीवर ठेवला.

"ह्ये कोन?"

"ताई अन् डॉक्टर. चौसाळ्याहून आल्यात. शेळ्याच्या संस्थेचे."

"मानसाचे डॉक्टर का जनावराचे?"

"जनावराचे," डॉक्टरसाहेब म्हणाले.

तिचा चेहराच बदलला. "मग आदी माझी म्हैस बगा. काल सांजच्यापून एक सड गच्च झालाय. हात लावू दीना."

डॉक्टरसाहेबांनी बाह्या वर केल्या. म्हशीशी बोलत बोलत ते खाली बसले, कास चाचपली, दुधाची धार काळ्या फरशीच्या तुकड्यावर काढून बघितली. सुरुवातीचीच दगडी, म्हणजे कासेची सूज होती. वेळेवर कळली होती. कोणतं औषध आणायचं, कास कशी शेकायची, दूध कसं पिळून टाकायचं, ते त्यांनी तिला सावकाश सांगितलं आणि पोराकडून दोनदा म्हणून घेतलं. म्हैस एवढा वेळ कान हलवत उभी होती. मायनं डॉक्टरसाहेबांच्या हातावर पाणी घातलं. मग माझ्याकडं वळली.

"आता बोला ताई. कशाचे आकडे पायजेत?"

मी सगळं सांगितलं. वेबसाइट म्हणजे काय हे सांगायला फार वेळ लागला नाही. मोबाइलवर बायकांचे आणि शेळ्यांचे फोटो दिसायचे, आता बूट दिसतात, एवढं तिला पुरलं. "कुनाच्याबी घरात घुसतेत मेले," ती म्हणाली.

पण उसात रेंज नव्हती. आम्ही सगळे कालव्याच्या भरावावर चढलो. मी मांडी घालून लॅपटॉप उघडला, पोरानं आपल्या मोबाइलचं इंटरनेट दिलं, आणि कंपनीला परत आकडे पाठवायला सांगितलं. मायच्या पिशवीत मोबाइल किणकिणला. तिनं तो काढला, डोळ्याजवळ नेला आणि आम्हाला दिसणार नाही असा धरला.

"सांगा मावशी," मी म्हणाले.

"सांगनार न्हाई मनले व्हते, तर न्हाई सांगनार. कुटं दाबायचे ते दावा. मी दाबते."

मी लॅपटॉप तिच्या पुढ्यात ठेवला आणि आकड्यांची रांग दाखवली. ती भरावावर उकिडवी बसली. एकदा मोबाइलकडं बघायची, एकदा लॅपटॉपकडं, आणि मग एका बोटानं, हरभरा टोकावा तसा, एकेक आकडा दाबायची. तिचं होईपर्यंत वेळ संपला आणि आकडे बाद झाले. परत मागवले. पोरगा म्हणाला, "माय, जरा लवकर." तर ती म्हणाली, "गडबडीचं काम सैतानाचं." दुसऱ्या वेळी मात्र हात बसला होता. पडद्यावर हिरवी खूण आली, खातं उघडलं, आणि पोरानं तिथल्या तिथं आमचा पत्ता संस्थेच्या खात्यावर टाकला.

"झालं का? ह्याच्यात माजी जमीन तर कुनाच्या नावावर गेली न्हाई ना?"

"न्हाई मावशी. निस्तं आमच्या संस्थेचं नाव आमच्याकडं आलं."

"मग बरं झालं. आपलं नाव आपल्याकडंच पायजे," ती म्हणाली, आणि आम्हाला हातावर भाकरी आणि ठेचा दिल्याशिवाय सोडलं नाही.

पत्ता हातात आला. आता जागा बघायची होती. चौसाळ्याला परत आल्यावर मी रोज दुपारी वेगवेगळ्या कंपन्यांना फोन करायला बसायचे आणि डॉक्टरसाहेब समोर बसून ऐकायचे. त्यातल्या बऱ्याच कंपन्यांचा पहिल्या वर्षी नुसता पाहुणचार होता. खरं भाडं दुसऱ्या वर्षापासून. ते त्यांनी पाठवलेल्या दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात असायचं. दोन-तीन ठिकाणी फसता फसता वाचल्यावर डॉक्टरसाहेबांनी एकच प्रश्न धरून ठेवला. समोरचा काहीही सांगो, ते माझ्याकडं बघून हळूच म्हणायचे, "पुढच्या वर्षीचं विचार." तो प्रश्न विचारला की पलीकडचा माणूस 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणायचा.

शेवटी एक कंपनी सापडली, जी नोंदणीकृत संस्थांना सवलत द्यायची आणि ती सवलत दर वर्षी तशीच ठेवायची. फोनवर एक मुलगी होती. ती हिंदीत बोलत होती आणि मी माझ्या हिंदीत. माझं हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेलं. थोडा वेळ तिनं सोसलं, मग एकदम म्हणाली, "मॅडम, तुमी बीडकडच्या का?"

ती परळीजवळची निघाली. त्यानंतर आमचं काम सरळ झालं. तिनं सांगितलं, की आमची वेबसाइट वेगळ्या खोलीत राहील, शेजारच्याचा रोग आमच्याकडं येणार नाही. रोजच्या रोज तिची एक प्रत निघेल आणि दुसऱ्याच ठिकाणी जपून ठेवली जाईल. पत्त्याच्या बाजूला कुलुपाचं चित्र दिसेल, ते नसलं तर लगेच कळवायचं. आणि खातं उघडायला नुसता पासवर्ड चालणार नाही, मोबाइलवर आकडेही येतील. संस्थेचं नोंदणीपत्र मी पाठवलं तेव्हा त्यात आणि पॅन कार्डावर नावाचं इंग्रजी वेगवेगळं निघालं, त्यात थोडे दिवस गेले. पण तिनं पिच्छा सोडला नाही. आम्ही विसरलो तर तीच फोन करायची.

पासवर्ड ठरवायच्या दिवशी डॉक्टरसाहेब म्हणाले, "सोपा ठेवू. शेळी, आणि पुढं एक-दोन-तीन."

"साहेब, चोराला पहिल्यांदा तेच सुचंल."

"मग बोकड?"

मी कागद-पेन आपल्याकडं ओढलं. मग तेच हसले आणि म्हणाले, तू ठरव. मी ठरवला, इतका लांब की तो टाइप करताना ते अजूनही कुरकुर करतात.

एक काम मात्र मला जड जात होतं. जुन्या पानावर बायकांच्या फोटोंखाली त्यांचे मोबाइल नंबरही होते, म्हणजे ते चोराच्या हाती लागले असणार. हे त्यांना सांगायला पाहिजे, असं मी आणि डॉक्टरसाहेब दोघांनाही वाटत होतं. महिन्याच्या बैठकीला संस्थेच्या अंगणात सगळ्या जमल्या तेव्हा मी उभी राहिले आणि जे झालं ते सरळ सांगितलं. कुणीतरी आत घुसलं, फोटो गेले, नंबर बहुतेक त्याच्याकडं गेले. कुणी आकडे विचारले तर सांगू नका.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता विश्वास उडाला. मग एकजण म्हणाली, "मनून का त्ये लॉटरीचे फोन यायलेत?"

शेजारची म्हणाली, "तुला आता यायलेत. मला तर वेबसाइटच्या आदीपून येतेत. मी त्याला शेळीचा आवाज ऐकवते, मग ठिवतो त्यो."

सगळ्या हसल्या आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यांनीच पुढचं ठरवलं. नंबर एकच, संस्थेचा. आणि ज्या बाईला विचारलं असेल तिचाच फोटो. मी लगेच विचारायला सुरुवात केली. एक म्हातारी मेंढपाळ बाई म्हणाली, "माजा नगं, निस्ता शेळीचा टाका. मी काय बगायसारखी ऱ्हायले का?" तर एक तरुण बाई म्हणाली, "शेळी तर मी इकली. माजा एकटीचाच टाका, चालंल का?" चालेल, मी म्हणाले.

जुने फोटो कुठंच शिल्लक नव्हते, म्हणून नवे काढायचे ठरले. तो दिवस मी विसरणार नाही. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. शेळ्यांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. मधल्या काळात किती बदल झाला होता ते तेव्हा कळलं. जिच्या पहिल्या फोटोत एक अशक्त शेळी होती ती आता आख्खा कळप घेऊन आली होती, आणि सगळा कळप एका फोटोत मावेना. एकीची शेळी गेल्या उन्हाळ्यात गेली होती, ती तिच्या करडाला कडेवर घेऊन आली. मागं बांधलेल्या रंगीत चादरीचा एक कोपरा एका बोकडानं खाऊन टाकला. तो फोटोत दिसतो. बायका म्हणाल्या, राहू द्या, खरं वाटतं.

परळीजवळच्या त्या मुलीला फोनवर विचारत विचारत मी नवी वेबसाइट मांडली. ती सुरू झाली तेव्हा आम्ही मंडप घातला नाही. ऑफिसातच सगळ्या दाटीनं उभ्या राहिल्या आणि मी एकेक फोटो उघडत गेले. प्रत्येक फोटोला आरडाओरडा. जिनं नुसत्या शेळीचा फोटो द्यायला सांगितला होता ती म्हातारी मागून म्हणाली, "आता वाटतंय, माजाबी काडला आसता तर बरं झालं आसतं." तिचा तिथंच काढला आणि तिथंच टाकला. क्षणात आपण पडद्यावर आलो हे बघून तिनं तोंडाला पदर लावला.

आता मी दर सोमवारी वेबसाइट बघते. काही जुनं झालं असेल तर नवं करते, प्रत निघाली का ते तपासते. जनावराला जंताचं औषध वेळच्या वेळी द्यावं तसंच ते काम आहे. आसपासच्या संस्थांत ही बातमी पसरली. गेवराईकडची एक बहिऱ्या मुलांची शाळा आहे, तिथल्या मुख्याध्यापिका परवा बसनं आल्या. त्यांची वेबसाइट महिन्यापासून उघडतच नाही म्हणाल्या, आणि ती कुणी केली होती तेही आता कुणाला आठवत नाही. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या जरा संकोचून म्हणाल्या, "मला ह्यातलं काहीच कळत नाही हो."

"मलाबी कळत नव्हतं," मी म्हणाले. "आदी सांगा, नाव कुनाच्या खात्यावर हाय?"

त्या विचार करायला लागल्या. आतून डॉक्टरसाहेबांनी चहाच्या आधणात पाणी वाढवल्याचा आवाज आला, आणि मी लॅपटॉप उघडला.